तलावाकाठचं वावर, सारसाचं घरटं अन् लेआऊटवाली पार्टी

भाऊ, तुमची अडचण मला जशी कळली तशी आधी मांडतो. गोंदिया जिल्ह्यात मामा तलावाला (माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला तलाव) लागून तुमचं चार एकर धानाचं वावर आहे, एक बाजू डांबरी रस्त्यावर. लेआऊट पाडणारी पार्टी चांगला भाव द्यायला तयार आहे. पण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात) सारसाच्या जोडीने घरटं केलं, वनरक्षक येऊन नोंद करून गेला, आणि तेव्हापासून गावात बोंब आहे की या पट्ट्यातली जमीन ‘पक्ष्यात गेली’. तुम्हाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: जमीन जाईल का, विकता येईल का, आणि घरंही होतील व पक्षीही राहील असं काही जमतं का.

घरटं झालं म्हणून कुणाची जमीन जात नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पक्ष्याला, त्याच्या अंड्यांना आणि घरट्याला संरक्षण देतो. सातबाऱ्यावरचं तुमचं नाव तो पुसत नाही. उलट बाजूही ऐकून ठेवा. अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हे त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. तेव्हा ‘घरटंच नाही राहिलं तर भानगडच नाही’ असं पानठेल्यावर कुणी सुचवत असेल, तर त्याला तिथंच गप्प करा. असले सल्ले देणारा पंचनाम्याच्या दिवशी गावात नसतो.

जमिनीवर खरं बंधन येतं ते कागदावरच्या नोंदीतून किंवा अधिसूचनेतून. माझी सारी नोकरी मोजणी खात्यात गेली, त्यामुळे मी पक्षी नंतर बघतो, कागद आधी. तुमच्या भागात चार कागद काढल्याशिवाय इसाराला हात लावू नये. सातबारा आणि गट नकाशा तर झालाच. भोगवटादार वर्ग १ की २ हे त्यात कळेल, वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्रीच नाही. मग गावाचं निस्तार पत्रक. हे आपल्या विदर्भाचं वैशिष्ट्य. गुरं कुठून जातात, सरपण कुठून येतं, स्मशान कुठं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं, आणि पुण्या-मुंबईकडून आलेल्या पार्टीच्या वकिलाला बहुधा ते माहीतच नसतं. तिसरं, तलावाच्या बुडीत क्षेत्राचा नकाशा. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर जी गाळपेर जमीन उघडी पडते, ती कसणाऱ्याला वर्षानुवर्षं आपलीच वाटायला लागते आणि मग तीही चार एकरात मोजून दाखवली जाते. तुमच्या चार एकरात गाळपेर किती, हे मोजणीशिवाय कळणार नाही.

चौथा कागद झुडपी जंगलाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत झुडपी म्हणून नोंद असलेली ८६,४०९ हेक्टर जमीन वनच समजायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २२ मे २०२५ ला आला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सरकारने केलेल्या वाटपांना सोयीची वाट ठेवली आहे, पण नव्याने प्लॉट पाडणाऱ्याला तिच्यात जागा नाही. तुमचा गट खासगी असला तरी लेआऊटचा पोचरस्ता झुडपीच्या तुकड्यातून जात असेल तर सगळं तिथं अडकेल. शिवाय नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जवळ असाल तर त्याच्या भोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची हद्द तपासा. तिच्यात जमीन तुमचीच राहते, स्थानिकाला स्वतःचं घरही बांधता येतं, पण व्यापारी बांधकामाचे नियम कडक होतात.

आता तलावाचं. पार्टीचा माणूस तुम्हाला सांगेल की हा तलाव पाणथळ नाहीच, आणि कायद्याच्या अक्षरात त्याचं म्हणणं खोटं नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांत धानाची शेतं आणि खास सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. आपले मालगुजारी तलाव कोहळी समाजाने सिंचनासाठीच बांधले. म्हणजे ज्या तलावावर सारस, अडई, कमळपक्षी आणि हिवाळी बदकं जगतात तेच या व्याख्येतून निसटतात. पण गोष्ट तिथं संपत नाही. सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळांचा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये जागेवर जाऊन सीमा आखण्याचे आदेश झाले. आपल्याकडे तर नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सारस संवर्धन समित्या आल्या. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो जवळजवळ गोंदिया-भंडाऱ्यातच. त्यामुळे एनए (बिगरशेती) झालं, टीपी (नगररचनेची मंजुरी) झालं, आता कोण विचारतो, असं समजून चालू नका. एनएचा आदेश शेतीच्या जागी घर बांधू देतो, पण पाणी अडवायची आणि घरटं मोडायची मुभा त्यात कुठंच लिहिलेली नसते.

एवढं झालं की माझं खरं म्हणणं सांगतो. ‘घर की पक्षी’ हा वाद पाण्याचा आहे, आणि तो पाण्याच्या जागेवरच सोडवता येतो. चांगल्या पावसाच्या वर्षी भादव्यात पाणी कुठवर चढतं, कुठून येतं, सांडव्यावरून निघून कुणाच्या बांधीत जातं, ही रेघ गावातला कोणताही म्हातारा काठीने आखून देईल. लेआऊटच्या नकाशावर ती नसते, कारण नकाशा बहुधा मार्च-एप्रिलच्या कोरड्या जमिनीवर काढलेला असतो. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) वरच्या अंगाला, म्हणजे पाणी तलावात येतं त्या बाजूला, दोन-तीन फूट मुरूम टाकून प्लॉट उचलले की येवा, म्हणजे तलावात येणाऱ्या पाण्याची वाट, अडतो. तलाव भरत नाही, अडलेलं पाणी शेजाऱ्याच्या बांधीत घुसतं, पहिल्याच पावसाळ्यात भांडण तहसीलात जातं. पाळीच्या खालच्या अंगाला प्लॉट पाडले तर पाट तुटतो आणि पुढच्या वावरांचं पाणी बंद. दोन्हीकडे सारसाआधी शेतकरीच मरतो. मालगुजारी गेली तेव्हापासून पाळीला घरचा धनी नाही, हे दुखणं जुनंच. त्यावर लेआऊटचा मुरूम नको.

सारसाला नेमकं काय लागतं हेही बघा, म्हणजे तडजोड कुठं शक्य आहे ते कळेल. रोवणीच्या सुमाराला जोडी धुऱ्यापासून (शेताच्या बांधापासून) दूर, बांधीच्या मधोमध जागा धरते. धानाची पाती, लव्हाळं, गवत उपटून पाण्यात ढीग रचते. भोवतीची जागा उपटल्यामुळे तिथं नुसतं पाणी राहतं, खंदकासारखं. अंडी बहुधा दोन, आणि महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. वाकून निंदण काढणाऱ्या रोजच्या बाया त्यांना चालतात. कॅमेरा घेऊन धुऱ्यावर ताठ उभा राहिलेला पाहुणा चालत नाही, आणि कुत्रा तर मुळीच नाही. पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच आईबापामागं चालायला लागतात, पण उडायला तीनेक महिने लागतात. तोवर सगळा कारभार पायी. धानाचं नुकसान होतं ते फार तर एका खोलीएवढं. मग उन्हाळ्यात, बांध्या भेगाळल्यावर, ज्या तलावात गुडघाभर पाणी उरतं तिथं हे पक्षी जमतात आणि रात्री पाण्यातच उभे राहतात. थोडक्यात पावसाळ्यात ओली बांधी, उन्हाळ्यात उथळ पाणी, आणि दोन्हींच्या मध्ये तार नसलेलं आभाळ. विजेच्या तारांना धडकून आणि शॉक लागून सारस मेल्याच्या घटना गोंदियात झालेल्या आहेत. एवढ्या मोठ्या पंखांच्या पक्ष्याला उतरताना तार चुकवणं जमत नाही.

म्हणून चार एकर एका घासात विकू नका. रस्त्याकडचा, गावठाणाकडचा उंच भाग विका, तलावाकडचा राखा आणि धान लावत राहा. तुम्ही रस्त्यालगत आहात, भाव त्या फ्रंटचाच आहे. मागच्या ओल्या जमिनीसाठी पार्टी तसाही पाडूनच भाव देते. २०१७ च्या नियमांत अधिसूचित पाणथळासाठी गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरपर्यंत पक्कं बांधकाम नाही असं आहे. तुमच्या तलावाला हा नियम थेट लागू नसला तरी तोच आकडा धरून करारात घाला. ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या लेआऊटला १० टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती कोपऱ्यातल्या नालीजवळ ढकलायची आणि वर सिमेंटची छत्री बांधायची ही आपल्याकडची रीत. तीच जागा तलावाच्या बाजूला लांबट पट्टा करून मागा आणि तिच्यावर भर टाकायची नाही असं लिहून घ्या. पार्टीचा एक चौरस फूटही त्यात जात नाही, त्यामुळे हे मान्य व्हायला जड जात नाही. लेआऊटमधली वीज भूमिगत केबलने न्यायची, तलावाच्या बाजूला दिव्याचा खांब नाही, रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून. सांडपाण्याचा शोषखड्डा येव्यात नको. ते पाणी तलावात गेलं की बेशरमाचं झुडूप माजतं, मासळी जाते, आणि तलाव ठेक्याने घेणाऱ्या ढिवर सोसायटीची पोटं त्यावर आहेत. भराव आणि पायाचं काम जानेवारीनंतर, पिल्लं उडून गेल्यावर. धानही तोवर निघालेलं असतं.

पार्टी म्हणेल जमिनीचे पैसे न देता भागीदारीत प्लॉट देतो. त्या वाटेला गेलात तर महारेराच्या (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) नजरेत तुम्हीही सहप्रवर्तक होऊ शकता. पुढे लेआऊट अडकलं की नोटीस तुमच्याही घरी. मला विचाराल तर जमिनीचे पैसे घेऊन सरळ विक्री बरी.

पक्षीमित्रांनाही दोन शब्द, कारण तेही हे वाचत असतील. माळढोकाचं काय झालं ते आठवा. १९७९ मध्ये सोलापूर-नगरकडे साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र अभयारण्यात दाखवलं, त्यात गावं, शेतं, घरं सगळं आलं. लोकांची खरेदी-विक्री, कर्ज, बांधकाम अडकलं. शेवटी २०१२ च्या सुमाराला ते १२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं, आणि तोवर पक्ष्याचं नाव काढलं की लोक तोंड फिरवत होते. पक्षी वाचला का, तर नाही. सारस तर सरकारी जंगलात राहतच नाही, खासगी बांधीत राहतो. शेतकऱ्याचा त्याच्यावरचा लोभ गेला की संपला. घरटं असलेल्या बांधीच्या मालकाला त्या मोसमाची भरपाई पंचनाम्याचे हेलपाटे न घालता, दिवाळीआधी हातात मिळाली पाहिजे. सारसाचं चित्र लेआऊटच्या फलकावर लावून ‘लेक व्ह्यू’ प्लॉट विकणाऱ्याला फायदा, आणि घरटं सांभाळणाऱ्याला वनरक्षकाची सही, असं किती दिवस चालेल?

एक सावधगिरी अजून. कुणी म्हणेल, तुमची जमीन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून द्या. २००२ च्या दुरुस्तीने ही सोय आली, ती पूर्ण स्वेच्छेची आहे आणि मालकी तुमचीच राहते. पण एकदा अधिसूचना निघाली की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. पोरांच्या शिक्षणाला, लग्नाला उद्या तुकडा विकायचा असेल तर आज विचार करूनच सही करा. त्यापेक्षा हलकं पाऊल म्हणजे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या लोक नोंदवहीत तलाव, येवा आणि घरट्याची बांधी नोंदवून ग्रामसभेचा ठराव घेणं. त्याने तुमचा हक्क अडत नाही, आणि उद्या शेजारचा कुणी येवा बुजवायला निघाला तर तुमच्या हाती कागद असतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे: वावर पाळीच्या वर आहे की खाली? गट नंबर इथं उघड टाकू नका, पण सांडवा तुमच्या कोणत्या दिशेला पडतो आणि पाट वावरातून जातो की धुऱ्यावरून, तेवढं सांगा. तोवर मोजणीचा अर्ज भरून ठेवा, आणि इसाराचे पैसे घेऊ नका.