‘मागितली तर’ द्यायची गोळी

प्रश्न : माझी आई ८२ वर्षांची असून तिला स्मृतिभ्रंश आहे. दीड महिन्यापूर्वी खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाल्यावर आम्ही तिला एका शुश्रूषा केंद्रात ठेवले. दिवसभर ती शांत पडून असते. पण सकाळी अंग पुसताना कूस बदलली की पलंगाचा कठडा घट्ट धरते आणि मावशींचा हात झटकते. ‘दुखतंय असं त्या म्हणत नाहीत, स्वभावच चिडका झालाय’, असे सांगून केंद्राने झोपेची गोळी सुचवली आहे. ती द्यावी का?

उत्तर : इतक्यात होकार देऊ नका. कठडा धरण्याची वेळ नेमकी कूस बदलण्याची आहे, यावरून आईंना वेदना होत असण्याची शक्यता बरीच वाटते, आणि झोपेच्या गोळीने वेदना जाणार नाही, फक्त झटकणारा हात थांबेल. शिवाय या वयात त्या गोळीने तोल जाऊन पुन्हा पडण्याचे भय असतेच.

प्रथम औषधांचा कागद मागून घ्या. वेदनाशामक गोळीपुढे ‘एसओएस’ लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ ‘गरज पडल्यास’ असा आहे. व्यवहारात मात्र तो ‘मागितली तर’ असा होतो. ज्या बाईंना दुखणे शब्दांत सांगता येत नाही, त्यांच्यासाठी ही सूचना म्हणजे गोळी न देण्यासारखेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी वेदनाशामके घड्याळाप्रमाणे द्यावीत असे सांगितले. सतत राहणाऱ्या इतर दुखण्यांतही हाच क्रम बहुधा उपयोगी पडतो. डॉक्टरांनी वजन आणि यकृताची स्थिती पाहून पॅरासिटामॉल ठरावीक वेळांना लिहून दिले, तर त्यातली एक मात्रा अंग पुसण्याच्या पाऊणएक तास आधी येईल असे पाहावे. दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र स्वतःहून देऊ नयेत, कारण वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि जठराला त्या महागात पडतात.

बोलू न शकणाऱ्या रुग्णांसाठी ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी आहे. श्वास, कण्हणे, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. परिचारिकेला ती भरायला फार वेळ लागत नाही. चूक होते ती वेळेची. रुग्ण स्वस्थ पडलेला असताना नोंद केली की ‘शांत’ असेच लिहिले जाणार. म्हणून कूस बदलतानाच गुण द्यावेत, आणि गोळीनंतर तासाभराने हालवताना पुन्हा द्यावेत, असा आग्रह धरा. नाडी आणि रक्तदाबाच्या रकान्यांशेजारी वेदनेचा रकाना आखायला काही खर्च येत नाही.

मॉर्फिनचे नाव निघाले तर घाबरू नका. आईंना ते लागेलच असे नाही. पण अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले आहे. ते सुरू झाल्यास सोबत शौचाचे औषधही लिहून घ्या, ते अनेकदा राहून जाते.

या सगळ्याबरोबर जखम, शय्याव्रण, तुंबलेली लघवी आणि बद्धकोष्ठ यांची तपासणी एकदा डॉक्टरांकडून व्हावी. चार-पाच दिवस वेळेवर गोळी देऊनही कठड्यावरची पकड सैल झाली नाही, तर खुब्याचा नवा एक्स-रे काढून ऑपरेशन केलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा. पायावर भार देणे अचानक बंद झाले किंवा ताप आला, तर तेवढे दिवसही थांबू नका.