नुसत्या शेप-लोगनवर भुलू नको, भावा

सीटी स्कॅनच्या एक्स-रे मापांवरून आतलं चित्र उभं करायची (रिकन्स्ट्रक्शनची) तुझी पद्धत नि तिची चित्रं बघितली. झकास आहेत, पण शेप-लोगनवर कुणाचीही झकास येतात. 1974 सालचा तो फँटम (डोक्याचा संगणकी चाचणी-नमुना) म्हणजे गुळगुळीत लंबवर्तुळं, प्रत्येकात एकच घनता. टोटल व्हेरिएशनला, म्हणजे चित्रातले बारीक चढउतार दाबणाऱ्या युक्तीला, नेमकं तेच आवडतं. तालमीत रोजच्या जोडीदाराला चीत केलंस, आता खासबागेत उतर.

आधी एक सांग, प्रोजेक्शन (वेगवेगळ्या कोनांतली एक्स-रे मापं) कशानं बनवलीस? ज्या ग्रिडवर (चित्राच्या चौकटींवर) आणि ज्या प्रोजेक्टरनं (ती मापं काढणाऱ्या प्रोग्रॅमनं) रिकन्स्ट्रक्शन केलंस त्यानंच बनवली असशील, तर पेपर काढणारा तूच नि सोडवणाराही तूच. प्रोजेक्शन बारीक ग्रिडवर किंवा थेट सूत्रानं काढ, पॉइसन नॉइज (एक्स-रेचे कण मोजताना आपोआप येणारा गोंधळ) घाल, किरण एकाच ऊर्जेचे धरू नको. हाडाशेजारचे काळे पट्टे एकाच ऊर्जेच्या किरणांत दिसणारच नाहीत.

मग स्कॅनरमध्ये ठेवायचा खरा फँटम. पाणी 0, हवा उणे 1000 हाउन्सफिल्ड (सीटीतलं घनतेचं माप), हे आधी जुळव. एकसारखं पाणी मात्र फसवं असतं; इटरेटिव्ह (चित्र फेरीफेरीनं सुधारत नेणारी) पद्धत तिथं नॉइज पुसून टाकते आणि यकृतातली फिकट गाठही त्याच हातानं पुसते. म्हणून पोत असलेला, आत कमी कॉन्ट्रास्टच्या गाठी पेरलेला फँटम घे. तोच स्कॅन पुन्हापुन्हा कर नि गाठ कितीदा सापडते ते मोज. मी तर हाडासकट मटणाचा तुकडाही स्कॅन केलाय. (रस्सा नंतर झाला नाही, विचारू नको.) नुसत्या पीएसएनआरवर (मूळ चित्राशी पिक्सेलगणिक तुलना करणाऱ्या आकड्यावर) माझा विश्वास नाही.

एक्स-रेचा डोस दर वेळी लिहून ठेव.