जागतिकीकरणामुळे स्थानिक संस्कृती नष्ट होते का? मानवशास्त्र काय सांगतं?

नष्ट होत नाही, बदलते. तुम्ही प्रश्नात ‘आगरी हळदीत आता डीजे वाजतो’ हे उदाहरण दिलंत म्हणून लिहायला बसलो. मी नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातला आगरी, आणि हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत.

माझी आत्या धवलारीण, म्हणजे लग्नातली विधीची गाणी, धवले, म्हणणारी बाई. तिला उरणकडच्या जासईला दिली. आमच्यात लग्न लावायचा मान पूर्वी धवलारणीचाच, प्रत्येक विधीचा धवला वेगळा आणि सगळे तोंडपाठ. चुलतभावाच्या लग्नात एक प्राध्यापक धवले रेकॉर्ड करायला आले होते. आत्या जात्यावर हळद दळत गात होती. देवांना आवतण देता देता तिने ओळीत बंदरही घेतलं, कंटेनरही घेतला, कारण नवरदेव कंटेनर यार्डात कामाला. सरांनी हात वर केला. "मावशी, हे नको. जुनं अस्सल तेवढंच म्हणा." आत्याचं जातं थांबलं नाही. "आमची पोरा बंदरान कामाला जातान, मंग धवल्यान बंदर कनाला नको?" सरांनी ते कडवं नंतर कापलंच. मांडवात माझा त्यांच्याशी वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्येच मांडलंय की समाजाची ओळख चालीरीतींच्या यादीवर टिकत नाही. आपण कोण आणि परके कोण ही सीमा लोक कशी राखतात, यावर टिकते. यादीतलं बदलत राहतं. दुसरे मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई तर जन्माने मुंबईचे. माणसं, पैसा, तंत्र, माध्यमं, विचार जगभर वेगवेगळ्या वेगाने वाहतात आणि प्रत्येक ठिकाणी लोक त्यांना आपला आकार देतात, असं ते म्हणतात. म्हणजे माझी आत्या करत होती तेच. सर हे वर्गात शिकवतात आणि मांडवात विसरतात, याचाच मला राग.

बरं, नुकसान झालंच नाही असं नाही. पण ते कशाने झालं ते बघा. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आलं. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरात धरल्या गेल्या. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आमच्या बायका भातलावणीची गाणी विसरल्या त्या डीजेमुळे नव्हे. लावणी करायला शेतच उरलं नाही. पिझ्झा आणि जीन्सवर निबंध लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण त्यांच्या घरचा सातबारा गेलेला नसतो.

एक मात्र मान्य करतो, डीजेच्या आवाजात धवला ऐकू येत नाही आणि काही घरांत आता धवलारणीला बोलावतही नाहीत. शिकणाऱ्या मुलीही कमी. शिवाय हे मी आमच्या पट्ट्यापुरतं बोलतोय. जिथे भाषाच बोलायची बंद होते तिथला हिशोब वेगळा.

तुम्ही प्रबंधासाठी विचारत असाल तर गावठाणात या, पण गाणाऱ्या बाईला मध्येच थांबवू नका. आत्याचा तो धवला माझ्या फोनमध्ये अख्खा आहे. त्या सरांनाही देईन, पण एकही कडवं न कापण्याच्या अटीवर.