नैरोबीला गेल्यावर किबेरा या झोपडवस्तीतले सामाजिक प्रकल्प पाहायला जावं का?

जरूर जा, पण आधी कळवून आणि तिथल्याच माणसाबरोबर. कॅमेरे रोखून गल्लीबोळांतून फिरवणाऱ्या टूर मला मनापासून खटकतात. लोकांची घरं आहेत ती.

ज्या संस्थेचं काम पाहायचंय तिला ईमेल करून वेळ ठरवा. शोफ्को (शायनिंग होप फॉर कम्युनिटीज) ही संस्था किबेरातच वाढलेल्या केनेडी ओडेडे यांनी २००४ मध्ये सुरू केली. तिचे पाण्याचे पाइप खांबांवरून, डोक्याच्या वरून नेलेले दिसतील. जमिनीलगतचा पाइप फुटला की गटाराचं पाणी आत शिरतं आणि पाण्याची चोरीही होते, म्हणून ही सोय. उमांडे ट्रस्टची बायोसेंटर्स तर चुकवूच नका: सार्वजनिक शौचालयाच्या मैल्यापासून बायोगॅस तयार होतो आणि आसपासचे लोक त्यावर स्वयंपाक करतात. गायीच्या हाडांपासून मणी, कानातले घडवणाऱ्या कारागिरांकडून काही विकत घ्या. मुलांच्या हातात पैसे किंवा गोळ्या-चॉकलेटं मात्र देऊ नका, आणि विचारल्याशिवाय फोटोही नको.

मार्च ते मे पावसाचे महिने, तेव्हा वाटा चिखलाने भरतात. बंद बूट घाला. गाइड घेतलात तर फीमधले किती पैसे वस्तीत राहतात, हे आधी स्पष्ट विचारा.