लिक्विड नायट्रोजन बंद टाकीत? नको. इंजिनासाठी दुसरी वाट

तुमचा बेत मला कळला तो असा: भंगारातल्या गॅस सिलिंडरला वेल्डिंग करून बॉल व्हॉल्व्ह बसवायचा, गावात कृत्रिम रेतन करणाऱ्या डॉक्टरांकडून लिक्विड नायट्रोजन आणून त्यात ओतायचं आणि सुटणाऱ्या वायूवर प्रदर्शनातलं इंजिन फिरवायचं. इंजिनाचं डिझाइन झकास आहे. टाकी मात्र डोक्यातून काढून टाका.

नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो आणि उणे १४७ च्या वर कितीही दाबलात तरी द्रव राहत नाही. एका लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. काठोकाठ भरून बंद केलेलं भांडं नुसतं खोलीच्या तापमानाला आलं तरी आतला दाब दोन हजार बारच्या पुढे जायला बघतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा असतो. तेव्हा ‘पत्रा जाड आहे’ याला काही अर्थ नाही. शिवाय साधं पोलाद एवढ्या थंडीत ठिसूळ होतं. सिलिंडरला घरी वेल्डिंग करणं कायद्यातही बसत नाही, पण ते राहू द्या.

तुमच्या चित्रात सेफ्टी व्हॉल्व्ह कुठेच नाही. जानेवारी २००६ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात नायट्रोजनची टाकी फुटून स्लॅब फोडून वर गेली. ती कारखान्यात बनलेली, चांगली टाकी होती. कुणीतरी तिचे दाब सोडणारे दोन्ही मार्ग काढून तिथे पितळी प्लग ठोकले होते. पहाटेची वेळ, म्हणून आत कुणी नव्हतं.

डॉक्टरांची नायट्रोजनची कॅन नीट पाहा. बूच सैल असतं, ते मुद्दाम, वायू सुटत राहावा म्हणून. मोटारसायकलवर हिंदकळू नये म्हणून काही जण त्यावर प्लास्टिक गुंडाळून सुतळीने आवळतात. कॅनच्या मानेत आधीच बर्फ साचलेला असेल तर उरलीसुरली वाटही बुजते. ही कॅन बंद गाडीत किंवा लिफ्टमध्ये माणसांसोबत नेऊ नका. दहा बाय दहाच्या खोलीत दहा लिटर सांडलं तर ऑक्सिजन २१ वरून १६ टक्क्यांच्या आसपास येतो आणि गुदमरल्यासारखं वाटतही नाही, कारण ती जाणीव कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर होते. ऑक्सिजन आणखी घसरला की माणूस सरळ कोसळतो. त्याला उचलायला धावणारा दुसराही.

इंजिन चालवायला हवाच पुरे. गॅरेजवाल्याचा चालू कॉम्प्रेसर, पुढे रेग्युलेटर, दोन-तीन बार. पीव्हीसी पाइप वापरू नका, तो फुटला की धारदार तुकडे उडतात. हवेचा होज घ्या. स्वतःची टाकी हवीच असेल तर किती दाबाची आहे ते लिहिलेली कंपनीची प्लेट असलेली घ्या आणि दाबाची तपासणी पाणी भरून करून घ्या, हवेने नाही. त्याच दाबाला हवेत पाण्याच्या हजारो पट ऊर्जा साठते. पाणी भरलेली टाकी फाटली तर बहुधा नुसती गळते.

नायट्रोजनचा खेळ दाखवायचाच असेल तर कॉलेजच्या सरांसमोर, उघड्या थर्माकोलच्या भांड्यात, गॉगल लावून. टाकी घेण्याआधी प्लेटचा फोटो टाका, बघून सांगतो.