आकडा आधी कुणाला दिसतो?

लेकरा,

तुझी स्टोरीबोर्डची, म्हणजे शूटिंगआधी एकेक शॉट चौकटीत काढलेल्या चित्रांची वही पोचली. हात चांगला आहे तुझा. हमालाची वाकलेली पाठ, पोत्यात रुतलेला हूक, आडत्याच्या गादीमागचा लक्ष्मीचा फोटो, सगळं ओळखू येतं. पण गोष्ट मला कळली ती सोबतच्या चिठ्ठीवरून, चौकटींवरून नाही. एकेक चौकट पोस्टरसारखी सुटी उभी आहे, मागचीचा पुढचीशी काही संबंध नाही.

तुझा प्रसंगच घेऊ. लातूरच्या मोंढ्यात म्हातारा सोयाबीन घेऊन आलाय. आडत्या मूठभर दाणे मॉइश्चर मीटरमध्ये टाकतो, ओलाव्याचा आकडा १२ टक्क्यांच्या वर जातो, भाव पडतो. तू आधी ड्रोनने अख्खा मोंढा दाखवलास, मग दुकान, मग दोघं, मग मीटर आणि शेवटी म्हाताऱ्याचा चेहरा. म्हणजे आकडा प्रेक्षकाला आधी कळला. मग प्रेक्षक काय करणार? म्हाताऱ्याची कीव.

आता क्रम फिरव. मीटरचं झाकण लागतं. म्हातारा बघतोय. आडत्याची नजर खाली जाते, तो मुनिमाकडे बघून नुसती मान हलवतो. आकडा अजून कुणालाच दाखवलेला नाही. आता आपणही म्हाताऱ्याशेजारी टाचा उंचावून उभे आहोत. आकडा दाखवायचाच तर त्यानंतर, म्हाताऱ्याच्या जागेवरून, तिरका, निम्मा आडत्याच्या हाताआड. कदाचित दाखवायची गरजही पडणार नाही. चित्रं जवळपास तीच राहिली, पण गोष्ट आडत्याच्या हातातून निघून म्हाताऱ्याकडे आली. बोर्ड काढायचा तो हे ठरवण्यासाठी. निर्मात्याला खूश करायला वेगळं चित्र काढ हवं तर.

(ड्रोनचं म्हणशील तर, हल्ली साखरपुड्यालाही ड्रोन उडतो. राहू दे.)

पाचव्या चौकटीत म्हातारा डावीकडे आहे, आडत्या उजवीकडे. सहाव्यात दोघांच्या बाजू बदलल्या, आणि जागचं तर कुणीच हललेलं नाही! तुझा कॅमेरा दोघांमधली लाइन ओलांडून पलीकडे गेला. असं कापलंस तर क्लोजमध्ये, म्हणजे नुसत्या चेहऱ्यांच्या शॉटमध्ये, दोघंही एकाच दिशेला तोंड करून बोलतायत असं दिसेल. म्हणून चौकटींच्या आधी दुकानाचा वरून दिसणारा आराखडा काढ. गादी, काटा, दार, पोत्यांची थप्पी. दोन माणसांचे दोन गोल, त्यांना जोडणारी रेघ, आणि कॅमेऱ्याचे सगळे बाण रेघेच्या एकाच अंगाला. लाइन ओलांडूच नये असं नाही. भाव ऐकून म्हाताऱ्याचा पोरगा मध्ये पडतो ना, तिथं ओलांड. तिथं सगळंच उलटंपालटं झालेलं आहे, प्रेक्षकालाही झटका बसू दे.

आराखडा खऱ्या दुकानात बसून काढ. मनातलं दुकान नेहमी ऐसपैस असतं, खऱ्यात ट्रायपॉड ठेवायला जागा नसते. ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला रेकीला, म्हणजे जागा पाहायला जा. आपल्याकडच्या दुपारी पत्र्याखाली अंधार आणि दारात पांढरं ऊन, त्यामुळे आतून दाराकडे कॅमेरा लावलास की दारातला माणूस काळा पडतो. तसा हवा असेल तर ठीक, पण ते बोर्डवर आधी लिहिलेलं असू दे. शिवाय आडत्या गादीवर बसलाय आणि म्हातारा उभा आहे. कॅमेरा कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर? चौकटीखाली तेही लिही. माणूस हलला तर बाण चौकटीच्या आत, कॅमेरा हलला तर बाहेर. माणसं काड्यांची चालतील.

चित्रांवर मेहनत घ्यावी म्हणून तू जपानी दिग्दर्शक कुरोसावांचं नाव घेतलंस. त्यांनी ‘रान’ या सिनेमासाठी रंगीत चित्रं केली हे खरं, पण तो माणूस मुळात चित्रकार व्हायला निघालेला. तू सत्यजित राय यांच्या वह्या बघ. तेही जाहिरात कंपनीतले चित्रकार, पण १९५५च्या ‘पथेर पांचाली’साठी त्यांच्याकडे रीतसर पटकथा नव्हती, होती ती चित्रं आणि टिपणं. पुढे ते ‘खेरोर खाता’ वापरू लागले. बंगाली दुकानदार हिशेबाला वापरतात ती लाल कापडी बांधणीची वही, आपल्या आडतीतल्या चोपडीची बहीणच. एकाच वहीत रेखाटनं, संवाद, कपडे, सेट, संगीतसुद्धा. चित्र पुरं करण्याचा सोस तिथं दिसत नाही.

आणि आपल्या अजिंठ्याला १७ नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातकाच्या, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या गोष्टीच्या चित्रासमोर जरा उभा राहा. एकच राजपुत्र भिंतीवर पुन्हापुन्हा भेटतो, मध्ये चौकटी नाहीत. खांब, दरवाजे, झाडं हीच प्रसंगांची कुंपणं. अजिंठ्यात पुष्कळदा प्रसंग काळाच्या क्रमाने मांडलेलेच नाहीत, जागेप्रमाणे मांडलेत. राजवाड्यातले एकीकडे, रानातले दुसरीकडे. शूटिंगचं शेड्यूल आपण असंच लावतो. म्हणून तुझ्या चौकटींना गोष्टीच्या क्रमाचे नंबर आणि कोपऱ्यात जागेचं नाव, दोन्ही घाल. सेटवर तुझा असिस्टंट दुवा देईल.

आता मोंढ्याचा प्रसंग नव्याने काढ, फार तर दहा चौकटींत. त्यांचे मोबाइलवर फोटो काढून एकामागे एक लाव, संवाद स्वतःच्या आवाजात टाक आणि आईला दाखव. मध्ये काही समजावून सांगू नकोस. तिने जिथं ‘हे कोण?’ विचारलं तिथं खूण कर. मग वही घेऊन संभाजीनगरला ये, लेणी इथून शंभरेक किलोमीटरवर आहेत, सकाळच्या बसने जाऊ. सोमवार सोडून ये, त्या दिवशी अजिंठा बंद असतं.