पोस्टडॉकची ऑफर आली आहे, जावं का?

तुमची पीएचडी फ्यूज्ड सिलिकात (शुद्ध सिलिकाची काच) फेम्टोसेकंद लेसरने, म्हणजे अतिशय छोट्या स्पंदांच्या लेसरने, वेव्हगाइड (काचेतली प्रकाश वाहून नेणारी रेघ) लिहिण्यावर, ऑफर परदेशातल्या झेडब्लॅन (फ्लोराइडची काच) आणि चाल्कोजेनाइड (गंधक, सेलेनियम अशा मूलद्रव्यांच्या) काचांवरच्या कामाची, आणि बरोबर पत्नी व आठ वर्षांची मुलगी. व्हिसाची यादी दूतावास देतोच, तिच्यात मी पडत नाही.

आधी काम. तुमच्या वहीतली पल्स एनर्जी (एका स्पंदाची ऊर्जा), स्कॅनचा वेग, रिपीटिशन रेट (सेकंदाला किती स्पंद) जसेच्या तसे तिथे चालतील असं धरू नका. सिलिकात फोकसपाशी अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती वळवते त्याचं माप) साधारण हजारात एकाने वाढतो आणि तीच रेघ प्रकाश वाहून नेते. १९९६ मध्ये जपानमध्ये हिराओ या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवलं ते हेच. झेडब्लॅनमध्ये तो बहुधा घटतो. प्रकाश जास्त अपवर्तनांकाच्या भागातच टिकतो, मग मधला गाभा कोरा सोडून भोवती घटलेल्या अपवर्तनांकाच्या रेघांचं कडं लिहावं लागतं. एवढा खटाटोप कशाला, तर सिलिका अडीच मायक्रॉन तरंगलांबीच्या पुढे, इन्फ्रारेडमध्ये, प्रकाश शोषू लागते आणि या काचा तिथेही पारदर्शक राहतात.

सही करण्याआधी विचारा, काचेच्या तुकड्याची टोकं पॉलिश कोण करतं? प्रश्न किरकोळ वाटेल. पण रेघ कितीही सुरेख असली तरी टोकाला कपचा उडाला असेल तर प्रकाश तिथेच विखुरतो. कॅमेऱ्यावर मोडच्या (रेघेतून नीट वाहून आलेल्या प्रकाशाच्या) गोल ठिपक्याऐवजी नुसता लाल धूसर डाग दिसतो आणि लॉस, म्हणजे वाटेत किती प्रकाश वाया गेला ते, मोजण्यात अर्थ उरत नाही. झेडब्लॅन मऊ, तिला पाणी सोसत नाही. आर्सेनिकवाल्या चाल्कोजेनाइडची धूळ तर श्वासात जाताच कामा नये.

कागदपत्रांचं एकच सांगते. माझ्या व्हिसाच्या अर्जात लेसर आणि इन्फ्रारेड हे शब्द होते. फाइल सुरक्षा तपासणीला गेली आणि महिनोन्महिने ‘प्रक्रियेत आहे’ यापलीकडे अक्षर आलं नाही. प्रोफेसरांचं पत्रही तसंच पडून राहिलं. हातातली नोकरी मंजुरी येईपर्यंत सोडू नका.

मुलीच्या शाळेबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. माझा मुलगा गणितात वर्गाच्या पुढे होता, तरी भाषा येत नाही म्हणून त्याला एक इयत्ता खाली बसवलं. दाखले दाखवले, परीक्षा घ्या म्हटलं. ‘त्याला वेळ द्या’ एवढंच उत्तर. त्या काळात लेसर मला रात्रीच मिळायचा, त्यामुळे तो शाळेतून यायचा तेव्हा मी निघायच्या घाईत असे. आज तो इथली भाषा माझ्यापेक्षा चांगली बोलतो, मित्र आहेत, पण वर्गात हात वर करत नाही. हे अजून सलतं. तिथली शाळा इयत्ता वयाने ठरवते की भाषेने, हे आत्ताच लेखी विचारून घ्या.

एकटेपणाचं लोक फार सांगतात. काम असलं की तो निभतो.

कामासाठी म्हणाल तर नक्की जा. झेडब्लॅनमधल्या कड्यातून पहिल्यांदा स्वच्छ मोड दिसला तेव्हाचा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही. मुलासाठी हेच बरं झालं का, असं कुणी विचारलं तर मी अजून गप्प होते. आणि पत्नीला नोकरीची परवानगी मिळणार का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. माझ्या नवऱ्याला ती नव्हती, हे आम्हाला इथे आल्यावर कळलं.